दगडावर आकडा आहे, नावे कुठे आहेत?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या जिल्हा आवृत्तीत गेल्या आठवड्यात एका गावातल्या हुतात्मा स्मारकाच्या भूमिपूजनाची बातमी वाचली. फोटोत कुदळ धरलेले पाहुणे. बातमीत व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावे, हुद्द्यांसकट, अगदी आभार कोणी मानले इथपर्यंत. ज्यांच्यासाठी हे स्मारक उभे राहायचे, त्यांच्यापैकी एकाचेही नाव मात्र नव्हते. 'गावातील शूर जवान' एवढ्यावर त्यांची बोळवण झाली होती. बातमीदाराला मी बोल लावत नाही. त्याला ती नावे कोणी दिलीच नसणार, आणि भाषण करणाऱ्यांनाही ती ठाऊक असतील असे वाटत नाही. मी सैन्यात होतो, पण क्लार्क. निवृत्त झालो तेव्हा सुभेदार होतो. उभी नोकरी नावे, नंबर आणि तारखा लिहिण्यात गेली. त्या सवयीने असेल, पण त्या बातमीत जे नव्हते तेच माझ्या नजरेला आधी पडले.

आमच्या गावीही हेच व्हायच्या बेतात आहे. जुनी चावडी पाडून तिथे ग्रामपंचायतीचे नवे कार्यालय होणार आणि पुढच्या मोकळ्या जागेत स्मारक. ग्रामसभेत आराखडा दाखवला. मधोमध रायफल घेतलेला फायबरचा जवान, मागे तीन रंगांची रोषणाई, पुढ्यात कारंजे आणि बाजूला काळ्या ग्रॅनाइटची भलीमोठी कोनशिला. कोनशिलेवर कोणाकोणाची नावे येणार, कोणाचे आधी आणि कोणाचे नंतर, याची यादी मात्र तयार होती. मी उठून विचारले, जवानांची नावे कुठे आहेत? उत्तर आले, "त्याचं नंतर बघू आप्पा, आधी निधी तर येऊ द्या." मग मी चावडीतल्या दगडाचे विचारले. एका तरुण सदस्याने अगदी निरागसपणे विचारले, "कोणता दगड?"

चावडीच्या दाराच्या उजव्या अंगाला, छातीच्या उंचीवर एक संगमरवरी पाटी भिंतीत बसवलेली आहे. वर्षानुवर्षे भिंतीबरोबर तिलाही चुना लागत गेला, पुढे ऑइलपेंट आला, निवडणुकीची पत्रके तिच्यावर डकवली गेली. एकदा मी ओल्या फडक्याने आणि बांबूच्या काडीने सगळी अक्षरे मोकळी केली. मजकूर इंग्रजीत आहे. त्याचा अर्थ असा, की या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात ३८ माणसे गेली, त्यांपैकी ५ जणांनी प्राण दिले. संपला मजकूर. (लढाई १९१८ मध्ये थांबली तर दगडावर १९१९ का, असे शाळेतली पोरे विचारतात. तोफा नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबल्या, व्हर्सायचा तह जून १९१९ मध्ये झाला, म्हणून.) असे दगड सातारा-रत्नागिरीकडच्या अनेक गावांत आहेत. कुठे चावडीत, कुठे शाळेच्या भिंतीत, कुठे देवळाच्या ओवरीत. मजकूर साधारण तोच, फक्त आकडे बदललेले. आमच्याच जिल्ह्यातले अपशिंगे मिलिटरी हे गाव त्या युद्धात आपले ४६ जण पडले असे सांगते आणि त्यांची आठवणही ठेवते. सगळ्या गावांचे नशीब तसे नाही.

हे पाच जण कोण होते? चावडीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या म्हाताऱ्यांनाही सांगता आले नाही. एकाने सांगितले, "आमचा चुलत पणजा बसऱ्याला गेला तो आलाच नाही." दुसऱ्या घरात एवढेच माहीत, की पणजीने जन्मभर कुंकू पुसले नाही, कारण तिला कोणी नीट काही कळवलेच नव्हते. 'बसऱ्याला गेला' हे शब्द आमच्याकडच्या जुन्या बायकांच्या तोंडी होते. बसरा कुठे, हे त्यांच्यापैकी एकीलाही ठाऊक नसावे.

बसरा म्हणजे आजच्या इराकचे बंदर. त्या वेळी सगळा मुलूख मेसोपोटेमिया म्हणून ओळखला जाई आणि मराठा पलटणींचा मोठा भाग तिथेच लढला. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी टायग्रिस नदीच्या काठी कुत या गावात तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, म्हणजे जवळजवळ पाच महिने हा वेढा चालला. शेवटी शेवटी तोफा ओढणारे घोडे आणि खेचरे कापून खायची पाळी आली. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी ते मांस बरेच दिवस नाकारले आणि स्कर्व्हीने ते खंगत गेले. शेवटी तिथल्या फौजेचा इंग्रज सेनापती जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. कैद्यांना वाळवंटातून तुर्कस्तानाकडे चालवत नेले, त्या वाटेवर किती जण पडले याची मोजदाद तेव्हाही धड झाली नाही. पुढे ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीला शर्कातची लढाई झाली. तिथे ११४ व्या मराठा पलटणीने पराक्रमाची शर्थ केली. ३० ऑक्टोबरला तुर्कस्तानशी युद्धबंदी ठरली. म्हणजे शर्कातला जे पडले, ते दोन-तीन दिवस आणखी तगते तर घरी येते. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये शर्कातचे स्मारक आहे. माझ्या नोकरीचा काही काळ तिथे गेला, रोज त्याच्या समोरून सायकलने ऑफिसला जायचो. तेव्हा ते मला परेडच्या दिवशी चुना मारायचे एक काम वाटे.

या सगळ्या मृतांसाठी १९२९ मध्ये बसऱ्यात स्मारक उभे राहिले. ज्यांचे थडगे नाही वा चितेची जागा माहीत नाही अशा ४० हजारांहून अधिक लोकांचे ते स्मारक. त्यातले बहुसंख्य हिंदी. आता यातली गोम ऐका. त्या भिंतींवर गोऱ्या सोजिरांची नावे कोरली, साध्या शिपायापासून वरपर्यंत सगळ्यांची. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपाई, नाईक, हवालदार यांचे मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडे. अमुक सुभेदार आणि इतर इतके हिंदी सैनिक. आमच्या चावडीतला दगड आणि ती बसऱ्याची भिंत एकाच शाळेत शिकलेली आहे.

कोणी म्हणेल, तेव्हा नावे मिळालीच नसतील. तसे नाही. फ्रान्समध्ये नव शापेल येथे १९२७ मध्ये हिंदी सैन्याचे स्मारक झाले, तिथे शिपायांची नावे कोरली आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक नावे आहेत. म्हणजे ठरवले तिथे जमले. बसऱ्याच्या शिपायांच्या याद्याही होत्या, त्या कागदावर राहिल्या. दगडावर चढवायच्या लायकीच्या त्या कोणाला वाटल्या नाहीत, एवढेच. या थडग्यांची आणि स्मारकांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच्याच कारभाराची चौकशी प्रसिद्ध केली आणि माफी मागितली. आशिया-आफ्रिकेतले ४५ ते ५४ हजार मृत इतरांच्या बरोबरीने स्मरले गेले नाहीत, आणि निदान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावाने किंवा मुळीच स्मरले गेले नाहीत, असे त्या अहवालात म्हटले आहे. शंभर वर्षांनी का होईना, हिशेब तपासला गेला. बसऱ्याचे स्मारक मात्र १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने उचलून शहराबाहेर, नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटरवर नेऊन ठेवले आहे. आमच्यापैकी कोणी तिथे जाऊन फूल वाहील ही शक्यता धरू नका.

पण या भानगडीतून एक काम सोपे झाले आहे आणि पत्र लिहिण्याचे मुख्य कारण ते आहे. या मृतांची नावे आता त्या कमिशनच्या संकेतस्थळावर एकेक करून पाहता येतात, फुकट, मोबाइलवरसुद्धा. बऱ्याच नोंदींत नंबर, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख एवढेच नव्हे, तर बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही आहे. पलीकडच्या आळीतल्या नातवाला घेऊन बसलो आणि आमच्या गावचे शोधायला लागलो. गंमत सुरू झाली. इंग्रज साहेबाने जे ऐकले ते लिहिले, त्याच्या कारकुनाने जे वाचले ते उतरवले. वाडीची 'वारी' झालेली, 'ळ'चा 'ल' तर ठरलेलाच, आणि आडनाव कधी आहे, कधी नाही. आमच्या गावाचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडले, त्यातली एक तऱ्हा अशी की वाचून मलाही ते कर्नाटकातले वाटले. क्लार्कचा अनुभव इथे कामी आला. चुकीचे स्पेलिंग कोणत्या रस्त्याने चुकते हे मला ठाऊक आहे. मोठ्याने वाचायचे, गावच्या उच्चारात वाचायचे, मग कान सांगतो.

अशी आमच्या पाचांपैकी चार नावे जुळली. जुळली म्हणजे बापाचे नाव आणि घर, दोन्ही जुळले. पाचव्याबद्दल दोन दावेदार आहेत आणि मी कोणाच्याही बाजूने कौल दिलेला नाही. खात्री होईपर्यंत जागा रिकामी ठेवावी, असे माझे म्हणणे आहे. चुकीचे नाव कोरण्यापेक्षा रिकामी ओळ बरी.

घरोघरी आणखी दोन वस्तू शोधण्यासारख्या आहेत. एक म्हणजे पदके. पहिल्या महायुद्धानंतर चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल आणि इंद्रधनुष्यी फितीचे व्हिक्टरी मेडल देत. लंगरातले आणि हमालीचे लोक, म्हणजे फॉलोअर, त्यांना चांदीऐवजी ब्राँझचे मेडल. या पदकांच्या चपट्या बाजूवर कोणी कितीही डोळे रोखले तरी नाव सापडणार नाही. ते कडेवर असते. नाण्याची कड जिथे असते तिथे, बारीक ठशांत, नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. चांदीची बहुतेक पदके आमच्याकडे सोनाराच्या मुशीत गेली. तोडे झाले, जोडवी झाली, एका घरात करंड्याचे झाकण झाले. गरिबीत दुसरे काय होणार, त्याबद्दल कोणी कोणाला बोल लावू नये. दुसरी वस्तू म्हणजे मृताच्या घरी पाठवलेली ब्राँझची गोल चकती. बारा सेंटिमीटर व्यासाची, तिच्यावर ब्रिटानिया देवी, सिंह आणि चौकटीत मृताचे नाव. फक्त नाव, हुद्दा नाही. मेल्यावर जनरल आणि शिपाई सारखे, हा त्यामागचा विचार. ज्या साम्राज्याने बसऱ्याच्या भिंतीवर शिपायाचे नाव गाळले, त्याच साम्राज्याने त्याच शिपायाच्या घरी त्याचे नाव ओतून पाठवले होते. आमच्या गावात अशी एक चकती मी पाहिली. देव्हाऱ्यात नागोबाच्या बाजूला ठेवलेली होती, ब्रिटानियाच्या कपाळी हळदकुंकू. घरच्यांना वाटत होते ही कुठलीशी देवी. नाव मी वाचून दाखवले तेव्हा घरातल्या कर्त्या पुरुषाने आधी माझ्यावर विश्वासच ठेवला नाही. इंग्रजीच्या शिक्षकाला बोलावून आणले, त्यांनीही तेच वाचले.

नावे हवीत याचे आणखी एक कारण आहे, ते उघड बोलले जात नाही म्हणून मी बोलतो. आकड्याला जात नसते. '३८ माणसे' म्हटले की प्रत्येक आळीला वाटते ती सगळी आपलीच होती, किंवा सगळी त्यांची होती. आमच्या चार नावांत दोन मराठा आहेत, एक महार आहे आणि एक मुसलमान. महारांची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली होती. गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि काम झाल्यावर १९२१ मध्ये मोडली. पुन्हा गरज पडली तेव्हा १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. त्या मधल्या वीस वर्षांत गावी परत आलेल्या शिपायाला चावडीच्या कोणत्या पायरीपर्यंत जाता येत होते, हे मी लिहायला नको. त्याच चावडीच्या भिंतीतल्या पाचात एक त्यांचा आहे. नाव कोरल्याशिवाय हे गावाला दिसणार नाही. ही यादी ग्रामसभेपुढे ठेवली तेव्हा क्षणभर कुजबुज झाली, हेही सांगतो. विरोध कोणी केला नाही.

नाव नसले की काय होते, याचा पुरावा आमच्या गावच्या वेशीवर उभा आहे. मारुतीच्या देवळामागे तीन वीरगळ आहेत. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्यात शिवपिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच वीर, कोपऱ्यांत चंद्रसूर्य. असे वीरगळ महाराष्ट्रभर आहेत, मुंबईत बोरिवलीच्या एक्सरला तर जहाजांची लढाई कोरलेले आहेत. बहुतेकांवर एक अक्षर नाही. आमच्या तिघांना आज शेंदूर लागतो, तेल लागते, नवी नवरी पाया पडते. एकाला म्हसोबा म्हणतात. तो कोणाच्या गाई सोडवताना पडला, कोणाचा मुलगा होता, हे विचारायची सोयच राहिली नाही. देव झाला, माणूस पुसला गेला. आदर भरपूर आहे, पण तो कोणाचा, हे सांगता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्यांचे थोडे बरे आहे. नाईक यशवंत घाडगे यांचे नाव रायगड जिल्ह्यात माणगावला पुतळ्यासकट आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडल्यावर ते एकटे मशीनगनच्या मोर्चावर गेले, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तेव्हा टॉमीगनच्या दस्त्याने झुंजले आणि मोर्चा घेतल्यावर गोळी लागून पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची पलटण म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी, पूर्वीची ११०, कुतच्या वेढ्यातली. त्यांचेही थडगे सापडलेले नाही. कसिनोच्या स्मारकावर नाव आहे. २०२३ च्या जुलैत इटलीतल्या मोन्तोने या गावाने त्यांच्या नावाने स्मारक उभारले. इटलीतल्या गावाला नाव घ्यावेसे वाटले, ही गोष्ट मी ग्रामसभेत सांगितली, तिचा थोडा उपयोग झाला.

स्वातंत्र्यानंतरच्या मृतांसाठी दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ पासून खुले आहे. त्यातल्या त्यागचक्रात एकेका जवानाच्या नावाची एकेक ग्रॅनाइटची वीट आहे. आमच्या गावचा १९७१ चा एक जवान तिथे आहे. पण १९१४ चे पाच जण ना तिथे येतात ना आणखी कुठे. ते गोऱ्यांसाठी लढले, असे म्हणून हात झटकणारे लोक मला भेटतात. मी त्यांना विचारतो, त्या वेळी दुष्काळात पेन्शनीच्या आशेने भरती झालेल्या अठरा वर्षांच्या पोराने कोणासाठी लढायला हवे होते? घर चालावे म्हणून तो गेला. गावाने त्याला पाठवले, पाटलाने नाव सांगितले, मामलेदाराने शिक्का मारला. त्याची जबाबदारी गावाची आहे, लंडनची नंतर.

स्मारकावर कोणाचे नाव घ्यावे यावरही वाद झाला. आमचा एक हवालदार रेशनच्या कॉन्व्हॉयमध्ये गाडी दरीत जाऊन वारला. एक जण हिमस्खलनात. सैन्यात 'बॅटल कॅज्युअल्टी' (लढाईतला मृत्यू) आणि 'फिजिकल कॅज्युअल्टी' (नोकरीतला इतर मृत्यू) असा फरक असतो आणि त्यावर कुटुंबाची पेन्शन ठरते. त्यासाठी तो फरक लागतो, मी स्वतः ते अर्ज भरलेले आहेत. पण गावाच्या दगडाला पेन्शन द्यायची नाही. कमिशनचा नियम पाहा. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात नोकरीत असताना जो मेला तो त्यांचा. मग गोळीने मरो, पटकीने, नाहीतर उन्हाने. मेसोपोटेमियात रोगाने मेलेले काही थोडे नव्हते. आमचा हवालदार यादीत असावा असे मी म्हटले, दोन निवृत्त सहकाऱ्यांनी नको म्हटले, मतदान झाले नाही, नाव राहिले.

आता जिवंत माणसांकडे येतो. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला आमच्याकडे वीरनारींना स्टेजवर बोलावतात. शाल, श्रीफळ, फोटो. नाव पुकारताना निवेदक चुकतो, ते सोडून देऊ. त्याच बाईंचे नाव सरकारी कागदात चुकलेले असेल तर काय होते ते सांगतो. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात. शाळेच्या दाखल्यावर हौसाबाई, सासरी लक्ष्मी. नवऱ्याने पलटणीत शीट रोलमध्ये, म्हणजे सैनिकाच्या नोकरीच्या नोंदपत्रकात, लिहिले लक्ष्मीबाई. आधार कार्डावर आले हौसाबाई. बँकेत तिसरेच, कारण तिथे भावाने फॉर्म भरला. नवरा जिवंत असेतो कोणाला फिकीर नसते. तो गेल्यावर कुटुंब पेन्शनच्या वेळी एक कार्यालय विचारते, लक्ष्मीबाई कुठे आहेत? समोर बसलेली बाई म्हणते, मीच. कार्यालय म्हणते, पुरावा आणा. मग प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला आणि आपल्याच वृत्तपत्राच्या छोट्या जाहिरातीत 'या दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे' अशी चार ओळींची नोटीस. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका बाईंना स्टेजवर शाल मिळाली त्या आठवड्यात त्यांची फाइल याच कारणाने परत आली होती. शाल त्यांनी मला दाखवली आणि म्हणाल्या, "आप्पा, हे पांघरू का ते कागद पांघरू?"

मी माजी सैनिकांना एवढेच सांगत असतो की हात-पाय चालतात तोवर शीट रोलमधले बायकोचे, मुलांचे नाव आणि जन्मतारीख तपासून घ्या. फरक असेल तर तुमच्या हयातीत रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंद बदलल्याचा लेखी हुकूम निघतो, काम होते. तुम्ही गेल्यावर तेच काम तिला करावे लागेल, आणि तिच्या ओळखीचा क्लार्क तिथे नसेल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात यासाठी माणसे बसलेली असतात, त्यांच्याकडे जायला लाजू नका. ग्रामपंचायतींनी सत्काराच्या बजेटातून वर्षाला एक दिवस असा ठेवावा, की गावातल्या सगळ्या माजी सैनिकांची आणि विधवांची कागदपत्रे एका टेबलावर तपासली जातील. शाल नाही दिली तरी चालेल.

आपल्याकडे माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली, स्मारकाच्या बातम्यांत मृतांची नावे छापावीत. सगळ्यांना जागा नसेल तर व्यासपीठावरची कमी करावीत. दुसरी, आपल्या वाचकांना आवाहन करावे की आपापल्या गावातल्या अशा १९१४-१९१९ च्या दगडाचा फोटो, तो कुठे बसवलेला आहे याच्या टिपणासह, पाठवावा आणि आपण तालुकावार ते छापावेत. चावड्या, जुन्या शाळा झपाट्याने पाडल्या जात आहेत. आमचा दगड नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीत बसेल, खाली चार नावे आणि एक मोकळी ओळ असेल, असे ग्रामसभेच्या ठरावात लिहून घेतले आहे. ठरावाची नक्कल माझ्याकडे आहे, कारण मी क्लार्क आहे.

माझे नाव-पत्ता सोबतच्या चिठ्ठीत आहे, ते छापू नये. नावांचा आग्रह धरणाऱ्याने स्वतःचे झाकावे हे विसंगत दिसेल, पण माझ्या नावावरून गाव कळेल आणि गावावरून त्या बाईंची फाइल चर्चेला येईल.

वाचकांनी पदकाचा फोटो पाठवायचा असेल तर कडेचा, उन्हाच्या तिरप्या उजेडात, हळूहळू फिरवत चार-पाच काढावेत. आणि घरातला कोणी निवृत्त फौजी उत्साहाने ब्रासोची, म्हणजे धातू घासून चकाकवायच्या पॉलिशची डबी घेऊन पुढे आला तर त्याला थांबवावे. आधीच झिजलेली अक्षरे त्याने पुरती जातात.

आपला,
एक निवृत्त सुभेदार (क्लार्क)
जि. सातारा